पीसीडीकाका

पीसीडीकाकांना तुम्ही ओळखता. तुमच्या सोसायटीत त्यांचं नाव वेगळं असेल, गाडी पद्मिनी किंवा जुनी सँट्रो असेल. पण रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या चाकापाशी वाकलेली ती पाठ तुम्ही पाहिलेली असते आणि ती सरळ व्हायच्या आत मागच्या जिन्याने सटकलेलाही असता. कारण पाठ सरळ झाली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘तुमच्या गाडीचा पीसीडी किती हो?’’

पुण्यातल्या ज्या काकांना हे नाव पडलं, त्यांच्याकडे कार्ब्युरेटरच्या जमान्यातली पांढरी मारुती ८०० आहे. तिच्या मूळच्या लोखंडी डिस्क गंजायला लागल्या, तेव्हा ‘आता अलॉयच टाकू’ असं त्यांनी घरात जाहीर केलं. त्या वेळी त्यांचा मुलगा दहावीला होता. आज त्या मुलाचा मुलगा शाळेत जातो आणि चाकांची निवड चालू आहे.

पीसीडी म्हणजे चाकाच्या नटांची भोकं ज्या वर्तुळावर बसतात, त्या वर्तुळाचा व्यास. ८००ला चार नट आणि व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर साडेचार इंच. सँट्रो, स्विफ्टला हाच आकडा १००. आता शंभर आणि एकशे चौदा यांत काय मोठंसं, असं सामान्य माणसाला वाटतं आणि काका तेवढ्याचीच वाट पाहत असतात. ‘‘प्रत्येक भोक सात मिलिमीटरने चुकणार! सात!’’ हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला स्वतःचंच काहीतरी चुकल्यासारखं वाटावं.

काका पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्तीनंतर त्यांनी डबा सोडला, पाळी सोडली. व्हर्नियर मात्र सुटला नाही. तो सदऱ्याच्या खिशात असतो. चार भोकांचं चाक दिसलं की एका भोकाच्या आतल्या कडेला एक जबडा, समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेला दुसरा, की झाला आकडा. चाक कोणाचं, गाडीत माणसं बसली आहेत का, हे प्रश्न गौण. भाचीच्या लग्नात फुलांनी सजलेली नवरदेवाची गाडी दारात आली, वरातीतले लोक वाट बघत ताटकळले आणि काका पुढच्या चाकाशी उकिडवे. उठले ते तोंड पाडून. ‘‘शंभरच आहे हो,’’ ते व्याह्यांना म्हणाले. व्याह्यांना ते आहेराच्या पाकिटाबद्दल वाटलं. हे प्रकरण निस्तरायला सोळाव्यापर्यंत वेळ लागला म्हणतात. सराफाच्या दुकानात त्यांनी काकूंच्या बांगडीला व्हर्नियर लावला, त्या दिवसापासून काकू सराफाकडे एकट्या जातात.

नाना पेठेतल्या टायरवाल्यांना तर काका पाठ आहेत. एका नव्या पोऱ्याला ते नव्हते. त्याने उत्साहाने तेरा इंची अलॉय काढून ठेवलं. काकांनी त्याला शेजारी बसवलं. ८००चा टायर १४५/७० आर १२, म्हणजे उभा धरला तर साधारण ५०८ मिलिमीटर. तेरा इंचीवर १५५/६५ चढवला की ५३२. जवळजवळ पावणेपाच टक्के वाढ. ‘‘म्हणजे काटा साठ दाखवणार आणि गाडी त्रेसष्टच्या घरात पळणार. शिवाय ऑफसेट चुकला तर वळताना टायर मडगार्डला घासणार. सेंटर बोअर हबपेक्षा मोठा असला तर मधे रिंग हवी, नाहीतर स्टिअरिंग थरथरणार.’’ पोऱ्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘काका, गाडी चालवायचीये की पेपर सोडवायचाय?’’

पण पोऱ्याही हार मानणारा नव्हता. पुढच्या वेळी त्याने खरंच बारा इंची चाक शोधून ठेवलं. निघालं नॅनोचं. नॅनोला तीनच नट. काका त्या चाकाकडे बराच वेळ नुसते पाहत राहिले. मोजायलाही काही उरलं नव्हतं.

एवढ्या वर्षांत मूळच्या डिस्क घासून, प्रायमर मारून, रंगवून घेतल्या असत्या तरी काम भागलं असतं. खरं तर ते भागलेलं आहेच, कारण दर दिवाळीत काका त्या स्वतः रंगवतात. पण हे त्यांच्या तोंडावर बोलण्याची सोय नाही.

आणि तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची गोष्ट सांगायलाच हवी. त्याने जुन्या झेनला सेकंडहँड अलॉय बसवली होती. पीसीडी बरोबर, दिसायला झकास. पहाटे चौघं मित्र महाबळेश्वरला निघाले, तर काका गाडीपुढे उभे. हातात पाना. ‘‘एक नट काढू दे, मग जा.’’ पोरांनी डोळे फिरवले. काका नट सोडताना फेरे मोजत होते. चार फेऱ्यांत नट हातात आला. लोखंडी डिस्क पातळ असते, अलॉय भोकापाशी जाड. या पठ्ठ्याने नट मात्र जुनेच वापरले होते. सव्वा मिलिमीटरचे आटे, चार फेरे, म्हणजे पकड फक्त पाच मिलिमीटर. बोल्ट बारा मिलिमीटरचा असेल तर निदान तेवढी तरी पकड हवी, म्हणजे नऊ-दहा फेरे. पुढे पसरणीचा घाट. काकांनी चारही चाकं उतरवायला लावली, जुन्या डिस्क चढवल्या आणि पोरं दोन तास उशिरा, कुरकुरत निघाली. येताना त्यांनी काकांसाठी स्ट्रॉबेरीची पेटी आणली. सगळ्यात मोठी एक्केचाळीस मिलिमीटर भरली.

काकांचं दुखणं वेगळंच आहे. ८०० बनायची थांबली २०१४ मध्ये, नॅनो २०१८ मध्ये, अल्टो ८०० संपली २०२३ मध्ये. दुकानांच्या भिंतींवर आता पंधरा, सोळा, सतरा इंची चाकं टांगलेली असतात. पंधरा वर्षं झाल्यावर काकांनी गाडीची पुनर्नोंदणी केली, हरित कर भरला, पाच वर्षांनी पुन्हा तेच केलं. कागदोपत्री गाडी धडधाकट आहे. तिच्या मापाचं जगच आखूड होत चाललंय.

अलीकडे मात्र जुन्या बाजारात घबाड सापडलं. बारा इंची, चार भोकं, ११४.३, आणि तेही चार नग! काकांनी मागवलं काय, तर रॉकेल आणि खडू. प्रत्येक चाकाला मागून रॉकेल चोपडलं, स्वच्छ पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली आणि थांबले. चौथ्या चाकाच्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटली. तडा. विकणारा म्हणाला, ‘‘चालतंय की!’’ काकांनी तीनच घेतली. ती आता दिवाणाखाली आहेत.

सोसायटीच्या फळ्यावर गेल्या आठवड्यात कागद लागला: ‘हवे आहे: चाक, नग १. १२ इंच, ४ भोकी, ११४.३. कृपया मोजून आणावे.’ खाली पेनाने कोणीतरी खरडलं, ‘शंभर चालेल का?’ अक्षर त्या झेनवाल्याचं असावं. त्याखाली काकांनी आकृतीसह सविस्तर उत्तर दिलं आहे, पुरवणी जोडून. सेक्रेटरींना पाणीकपातीची सूचना लिफ्टमध्ये लावावी लागली.