ऱ्योकानात कसे राहावे: होतकरूंसाठी

ऱ्योकान म्हणजे जपानी पद्धतीची जुनी खानावळवजा धर्मशाळा, फक्त दर धर्मशाळेचा नाही. तातामीच्या चटया, जमिनीवरचे अंथरूण, दोन वेळचे जेवण आणि तळमजल्यावर कुठेतरी वाफाळणारे ओन्सेनचे, म्हणजे गरम झऱ्याचे, पाणी. पूर्वतयारी एकच करायची: स्वतःची मते घरी ठेवून निघायचे. हॉटेलात गिऱ्हाईक राजा असते. ऱ्योकानात ते अधिक महिन्यात सासरी आलेल्या जावयासारखे असते. लाड अतोनात, पण जेवायला काय, कधी, आणि निजायचे कुठे, हे त्याला कोणी विचारत नाही. यामानाशीच्या डोंगरातले केइउनकान ७०५ सालचे. गिनीजच्या नोंदीत जगातले सर्वांत जुने हॉटेल. इशिकावातल्या होशीची परंपरा ७१८ सालापासून सांगतात. तेराशे वर्षे ज्यांनी पाहुण्यांना जेवू घातले, त्यांच्याकडे ‘साडेआठला वाढलं तर चालेल का हो?’ अशी विचारणा करून पाहायला हरकत नाही. नकार इतका गोड येईल की तो नकार होता हे खोलीत परतल्यावर कळेल.

म्हणून वेळेवर पोहोचा. खोली साधारण तीनला मिळते, जेवण सहा-साडेसहाला. दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचे व सकाळचे जेवण धरलेले असते. ‘खोली मोठी आहे, पाच जण सहज मावू’ हा आपला पिढीजात हिशेब इथे लागू नाही. पाच जण मावतीलच. बिलही पाच जणांचेच येईल.

आता पादत्राणे. हा विषय नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. बूट दारातच काढायचे आणि पायरी चढून वर यायचे. वर स्लिपर ठेवलेल्या असतात, त्या फक्त लाकडी पॅसेजसाठी. खोलीच्या उंबऱ्याशी त्याही काढायच्या. तातामीवर मोजे किंवा अनवाणी पाय, तिसरा पर्याय नाही. संडासाच्या आत वेगळी जोडी असते. ती आत घालायची आणि आतच सोडायची. नवखा माणूस कामाच्या समाधानात तीच घालून थेट जेवणघरापर्यंत येतो. कोणी काही बोलत नाही. जपानमध्ये न बोलणे हाच मोठा ओरडा असतो.

खोलीत शिरल्यावर ‘पलंग कुठाय?’ असे म्हणू नका. अंथरूण भिंतीतल्या कपाटात आहे आणि ते स्वतः काढायचे नाही. बहुतेक ठिकाणी तुम्ही जेवायला गेलात की कोणीतरी येऊन घालून जाते. भिंतीतला तो उंचवट्याचा कोनाडा, जिथे एक लांब चित्र आणि एकच फूल आहे, त्याला तोकोनोमा म्हणतात. बॅग ठेवायला अगदी बेतशीर जागा वाटते. ठेवू नका. बॅगेची चाके तातामीवर फिरवू नका, उचला. टेबलावर चहा आणि एक छोटी मिठाई असेल, ती खा. रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरून भोवळ येऊ नये, असा त्यामागचा हिशेब सांगतात.

मग युकाता. हा सुती झगा डावी बाजू वर येईल असाच नेसायचा. म्हणजे उजवा पदर आधी अंगाशी, त्यावर डावा. उलटे नेसवतात ते मृतांना. घोळ झालाच तर खोली आवरणारी बाई धावत येऊन तो स्वतः सरळ करील, आणि तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी दिसेल. या वेशात जेवायला जाता येते, पॅसेजमधून फिरता येते, आणि किनोसाकीसारख्या गावात तर लाकडी गेता पायात चढवून रस्त्यावरही. तिथे सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि अख्खे गाव संध्याकाळी झग्यात एका न्हाणीतून दुसऱ्या न्हाणीत खडखडत जाते. मराठी माणसाला झग्यात रस्त्यावर उतरायला पहिली दहा मिनिटे अवघड जाते. नंतर त्याला आवरणे अवघड जाते.

स्नानघराच्या दारावर कापडी पडदा असतो. निळा पुरुषांचा, लाल बायकांचा. रंगावर भरवसा नसेल तर अक्षर पाहा: ज्याच्या वरच्या भागात चार खणांची चौकट आहे ते पुरुषांचे. पुष्कळ ठिकाणी रात्रीतून पडदे बदलतात, म्हणजे दोन्ही बाजूंची कुंडे सगळ्यांना मिळावीत. तेव्हा काल रात्रीच्या आठवणीवर विसंबून पहाटे झोपेत आत शिरू नका.

पडद्याच्या आत सगळे कपडे काढायचे. सगळे म्हणजे सगळे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात लुंगीसकट उतरण्याची सवय इथे उपयोगाची नाही. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. हातरुमालाहून थोडा मोठा एक टॉवेल मिळतो, त्याने काय झाकायचे हे ज्याने त्याने ठरवावे. हा या अभ्यासक्रमातला सर्वांत कठीण धडा समजला जातो, पण खरे सांगायचे तर तो दीड मिनिटात संपतो, कारण तुमच्याकडे कोणी पाहतच नाही. इतकी साधी गोष्ट मनाला पटायला मात्र वेळ लागतो.

यापुढे आपली बाजू भक्कम आहे. पाण्यात उतरण्याआधी अंग धुवायचे असते, आणि ते बुटक्या स्टुलावर बसून, बादलीने. शॉवरखाली वाढलेले युरोपी पाहुणे या टप्प्यावर गोंधळतात, उभे राहतात, शेजाऱ्याच्या अंगावर फेस उडवतात. लहानपणी पाटावर बसून तांब्याने आंघोळ केलेल्याला इथे काही शिकावे लागत नाही. पिवळी प्लॅस्टिकची बादली दिसली तर तिच्या तळाशी ‘केरोरिन’ लिहिलेले असेल. ती डोकेदुखीच्या औषधाची जाहिरात आहे आणि १९६३ पासून जपानी न्हाण्यांत फिरते आहे. साबणाचा कणही अंगावर ठेवू नका. कुंड धुण्यासाठी नसून नुसते बसण्यासाठी आहे.

दागिने खोलीतच काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणजे जोडवी आणि पैंजण आधी. गोंदण मात्र काढून ठेवता येत नाही. याकुझा टोळ्यांशी असलेल्या संबंधामुळे पुष्कळ स्नानगृहांत गोंदवलेल्यांना मज्जाव असतो, आणि हा नियम आजीच्या हातावरच्या तुळशीवृंदावनालाही लागू होऊ शकतो. बुकिंगच्या वेळीच विचारावे आणि गरज पडली तर तासाभरासाठी खासगी कुंड घ्यावे. ज्यांचा कपड्यांचा धडा अजून कच्चा आहे, त्यांचीही सोय त्यातच आहे.

पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचे असते. आधी दोन-चार बादल्या अंगावर घ्या, मग हळूहळू उतरा. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही; घडी करून डोक्यावर ठेवायचा. हास्यास्पद दिसाल, पण सगळेच तसे दिसतात. १९४८ च्या कायद्यानुसार उगमापाशी पाणी २५ अंशांचे असले तरी ते ओन्सेन ठरते, किंवा ठरावीक १९ द्रव्यांपैकी एखादे पुरेसे असले तरी. दुसरे टोक कुसात्सूचे. तिथे झऱ्याचे पाणी इतके कढत येते की सहा फुटी फळ्यांनी घुसळून निववतात. गार पाणी मिसळले तर औषधी गुण पातळ होतात म्हणून. पोहू नका. नात्सुमे सोसेकींच्या १९०६ च्या ‘बोत्चान’ कादंबरीत मास्तर कुंडात पोहतो आणि एके दिवशी ‘पोहू नये’ अशी पाटी लागते. ते न्हाणीघर ज्यावर बेतले, त्या मात्सुयामाच्या दोगो ओन्सेनात बोत्चानला उद्देशून तशी पाटी आजही आहे. दहा मिनिटांत बाहेर या. बहाद्दुरी दाखवणाऱ्यांना उचलून आणावे लागते.

जेवणाबद्दल शाकाहाऱ्यांना स्पष्टच सांगतो. ‘मासे नकोत’ एवढे सांगून भागत नाही. जवळजवळ प्रत्येक रस्स्याचा पाया दाशी असतो, आणि दाशीत वाळवलेल्या बोनितो माशाच्या ढलप्या असतात. ताटावर बसून हे समजावू नका. सात-आठ नाजूक वाट्या दुपारपासून रचून झालेल्या असतात. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, आणि होकार मिळेल असे धरून चालू नका. पक्के शाकाहारी असाल तर कोयासानला मठात उतरावे. तिथे पन्नासेक देवळे पाहुणे ठेवतात आणि शोजिन, म्हणजे बौद्ध मठातल्या शाकाहारी, स्वयंपाकात मांस-मासे सोडाच, कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींना एवढ्या दूर आल्याचे सार्थक वाटेल. इतरांसाठी सूचना एवढीच की भात, मिसो सूप आणि लोणचे शेवटी येतात. भाताची वाट पाहत बाकीचे चिवडत बसलात, तर भात येईल तेव्हा जेवण संपलेले असेल.

सकाळी दहाला खोली सोडायची. बिलात माणशी साधारण दीडशे येन स्नानकर दिसेल. त्यावर वाद नको, तो कायदेशीर आहे. टिप ठेवू नका, विसरलात समजून कोणीतरी पैसे घेऊन स्टेशनपर्यंत मागे धावत येईल. निघताना मालकीणबाई, म्हणजे ओकामी, आणि हाताखालची मंडळी दारात उभी राहून हात हलवतात, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हलवतच राहतात. तुम्हीही हलवत राहा. पट्टा लावणे, पासपोर्ट चाचपणे, ‘महाग पडलं पण’ असे म्हणणे, हे सगळे वळणानंतर.