पेचकस

ठाण्यापासून कर्जतपर्यंत ज्याला जुनी बेस गिटार घ्यायची किंवा विकायची असते, तो कधी ना कधी पेचकसपाशी येतो. त्याचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. वय पन्नाशीच्या आसपास, डोळ्यांवर जाड चष्मा, नोकरी मोटार अपघातांचे विम्याचे दावे तपासायची. समोरचा खोटं बोलतोय हे गृहीत धरूनच त्याचा दिवस उजाडतो. रविवारी सुट्टी असते. त्या दिवशी हेच काम तो फुकट करतो.

खांद्यावरच्या काळ्या पिशवीत लहानमोठे स्क्रू-ड्रायव्हर, घड्याळजीचं भिंग, मल्टिमीटर, पोलादी पट्टी, प्रवासाची बॅग तोलायचा आकड्यांचा काटा, जांभळा उजेड पाडणारी बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तो दांड्याचा आरसा. गिटार अ‍ॅम्पला जोडायची वायर मात्र नाही. "ती वाजवणारे आणतात," असं तो सांगतो, आणि 'वाजवणारे' हा शब्द असा उच्चारतो की त्यांच्यामुळेच वाद्यं खराब होतात हे ऐकणाऱ्याला आपोआप कळावं.

तो स्वतः वाजवत नाही. घरी भिंतीला एक नवी, इंडोनेशियात बनलेली बेस टांगलेली आहे. तिच्या तारांवर गंज आहे. यावरून त्याला छेडायची सोय नाही, कारण उत्तर तयार असतं: "लिओ फेंडरला तरी कुठे गिटार वाजवता येत होती?" आणि पंचाईत ही की हे खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा गृहस्थ गिटार कधी शिकलाच नाही. त्याने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली. माणसाएवढा उभा डबल बेस बसमध्ये कोंबून गावोगाव हिंडणाऱ्या वादकांना ती गळ्यात अडकवता आली, आणि पट्टीवर फ्रेट, म्हणजे धातूचे आडवे पडदे, असल्याने बोट नेमक्या सुरावर पडू लागलं. नाव प्रिसिजन ते त्यामुळे. १९६० साली तिची धाकटी बहीण जॅझ बेस आली. जगातल्या निम्म्याअधिक बेस गिटारी आजही या दोन बहिणींच्या वळणावर जातात, असं पेचकस म्हणतो. निम्म्याअधिक हा आकडा त्याने कुठून काढला ते विचारायचं नाही.

फेंडर कंपनीच्या इतिहासात त्याच्या दृष्टीने एकच तारीख महत्त्वाची: जानेवारी १९६५. त्या महिन्यात लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पेचकस काळाची गणना तिथून करतो. सीबीएसपूर्व आणि सीबीएसोत्तर. सीबीएसपूर्व बेसबद्दल बोलताना तो आवाज खाली आणतो. सीबीएसोत्तर म्हटलं की तोंडात खडा आल्यासारखा चेहरा करतो. सत्तरच्या दशकात बेस जड होत गेल्या, लॅकरऐवजी पॉलिएस्टरचा जाड थर चढू लागला, पुढे जॅझ बेसची नेक, म्हणजे मान, चार स्क्रूंऐवजी तीनच स्क्रूंवर बसवायला लागले. हे तिसरं प्रकरण सांगताना त्याचा गळा दाटतो. एक स्क्रू कमी झाला याचं दुःख एवढ्या मनापासून करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला बेस घ्यायची होती. मुलगा कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो आणि बरा वाजवतो. वसईत एका निवृत्त वादकाकडे १९७२ ची जॅझ बेस आहे, असं त्याला कळलं. मी शेजारधर्म म्हणून पेचकसला सांगितलं आणि तमाशा बघायला म्हणून बरोबर गेलो.

वसईचे अंकल साठ-सत्तरच्या दशकांतले. संध्याकाळी हॉटेलच्या बँडमध्ये, दिवसा बोलावणं येईल तेव्हा ताडदेवच्या फिल्म सेंटरला रेकॉर्डिंगमध्ये. त्या काळी असलं वाद्य इथल्या दुकानात मिळायचं नाही. आयात परवाना आणि जकात यांत माणूस म्हातारा व्हायचा. बोटीवरच्या बँडमध्ये नोकरीला असलेला कुणी गोवेकर मायदेशी येताना घेऊन येई, आणि त्याला पैशाची निकड लागली की ते वाद्य हातचं निसटे. अंकलची बेस अशीच आलेली. ही हकीकत ते रंगवून सांगू लागले, तर पेचकसने हात वर करून थांबवलं. "अंकल, गोष्ट नंतर. आधी पेटी."

त्याचा नियम असा की वाद्याआधी पेटी बघायची. मग पेटीचं अस्तर, मग कुलपाची कडी. बेस बाहेर काढल्यावर त्याने ती काट्याला अडकवली. बाजारात हलवा घेताना काकू काट्याकडे बघतात त्या नजरेने तो आकड्याकडे बघत राहिला. "चार किलो सहाशे. साल जुळतंय." मग पडदे ओढायला सांगितले. अंधारात जांभळी बॅटरी लावून तो बॉडीवरून नाकाच्या अंतराने फिरला. नंतरच्या रंगाचं ठिगळ असेल तर या उजेडात ते वेगळं दिसतं. आंटी चहा घेऊन दारात आल्या, आत अंधार, मधे जांभळा उजेड आणि एक माणूस गिटार हुंगतोय हे बघून ट्रेसकट परत गेल्या.

मागच्या पत्र्यावरचा क्रमांक त्याने वाचला, वहीत लिहिला आणि लगेच त्याच्यावर अविश्वास जाहीर केला. "पत्रा चार स्क्रूंचा असतो. कोणीही बदलतो." मग तारा सैल करून नेक बाहेर. पन्नास वर्षांत अंकलनी ती कधी काढलेली नव्हती. ते खुर्चीत पुढे सरकले, आणि त्यांच्या पोटात कालवाकालव झालेली आम्हाला दिसली. फेंडरचे कारागीर नेकच्या टाचेवर तारीख घालत. आधी पेन्सिलने, १९६२ पासून शाईच्या शिक्क्याने. हा शिक्का पुसट होता. शेवटचा आकडा दोन की तीन यावर पेचकसने पाऊण तास घालवला. भिंग, आरसा, मोबाइलवर फोटो मोठा करून. शेवटी टाचेच्या खाचेचा वास घेतला आणि म्हणाला, "उघडलेलं नाही कधी." अंकल म्हणाले, "तेच मी दारातच सांगितलं होतं."

पण खरा आनंद त्याला भोकांचा होतो. जुन्या फेंडर बेसवर तारांच्या खालच्या बाजूला बोटं टेकायला एक दांडी असे. वादक अंगठ्याने तार छेडतील आणि बाकीची बोटं या दांडीला धरतील, असा लिओ फेंडरचा हिशेब. प्रत्यक्षात जो तो बोटांनी वाजवायला लागला आणि दांडी निरुपयोगी झाली. १९७४ मध्ये कंपनीने ती वरच्या बाजूला नेली, अंगठा टेकायला. अंकलनी ती कधीचीच काढून टाकली होती. राहिली होती स्क्रूची दोन भोकं, खालच्या बाजूला. पेचकस त्या भोकांवर बोट फिरवून हसला. म्हणजे बेस १९७४ च्या आधीची. वाद्य हातात असताना नसलेल्या भागावर एवढं प्रेम करणं हा त्याचा खास गुण.

पुढे पिकअपवरची आणि ब्रिजवरची झाकणं. ही क्रोमची झाकणं वादक पहिल्याच आठवड्यात काढून टाकत आणि बरेच जण ब्रिजवरचं झाकण उलटं करून त्यात सिगारेटची राख झाडत. अमेरिकेत त्याला अ‍ॅशट्रे हेच नाव पडलं. आज तेच जुनं झाकण शोधत गिऱ्हाईक फिरतं. "झाकण कुठे?" पेचकसने विचारलं. अंकलना आठवेना. आंटी आतून म्हणाल्या, "बाथरूममध्ये आहे. साबण ठेवते त्यात." पेचकस धावला. ओल्या साबणाचा थर खरवडून त्याने ते रुमालात गुंडाळून आणलं, तेव्हा त्याचे हात थरथरत होते. किंमत किती वाढली ते त्याने वहीत लिहिलं. आंटी त्या दिवसापासून साबण प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतात आणि या व्यवहाराविषयी नाराज आहेत.

एवढं सगळं जमून येत असताना घात झाला तो पॉटमध्ये. जॅझ बेसला तीन बटणं: दोन आवाजाची, एक टोनचं. बटणाखालच्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाच्या, पाठीवर आकडे छापलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्या कारखान्याचे, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. दोन पॉटवर १३७७२१४ निघालं. १९७२ सालचा चौदावा आठवडा. पेचकसने बेस कपाळाला लावली. (अर्थात यावरून गिटार त्याच्या आधीची नाही एवढंच कळतं, १९६६ मध्ये फेंडरने पॉटची मोठी खरेदी केली आणि तो साठा पुढे काही वर्षं वापरला. हेही त्यानेच सांगितलं. स्वतःचा आनंद स्वतःच नासवण्यात तो तरबेज आहे.) तिसऱ्या पॉटवर काहीच छापलेलं नव्हतं आणि त्याचं झारण वेगळं होतं.

"हा बदललाय."

"लॅमिंग्टन रोडवरून आणला होता," अंकल म्हणाले. "रेकॉर्डिंग होतं, पॉट खरखर करायला लागला. वसईची हवा खारट. एवढा ऑर्केस्ट्रा माझ्यासाठी थांबलेला. काय करणार?"

"जुना पॉट ठेवलात?"

"मेलेला पॉट कशाला ठेवू बाबा?"

पेचकसने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर एक निधन झाल्याचा भाव होता.

इथे मला त्याच्या तक्त्याविषयी सांगायला हवं. रंग पुन्हा दिलेला असेल तर किंमत निम्मी. हा जगभरच्या जुन्या गिटारींच्या बाजारातला ठोकळ हिशेब आहे, त्याचा शोध नाही. फ्रेट बदलले असतील तर वजावट, पॉट बदलला तर वजावट. आता हाच तक्ता नावाजलेल्या बेस गिटारींना लावून बघा. बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट उपटून काढले, खाचा बुजवल्या आणि पट्टीवर बोटींना लावतात तो इपॉक्सीचा थर चढवला. बेसवादनाचं वळण बदलणारा आवाज त्यातून निघाला. पेचकसच्या वहीत त्या वाद्याला पास होण्यापुरतेही गुण नाहीत. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला साधारण तीस पौंडांत घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस पुढे १९६४ मध्ये पुन्हा रंगवण्यात आली. ती १९७२ मध्ये चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी मालकाकडे परत आली, याची बातमी २०२४ मध्ये जगभर झाली. पेचकसला ती बातमी वाचून दाखवली तर तो म्हणाला, "रिफिनिश आहे ना पण."

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांत वाजलेल्या जेम्स जेमर्सनचं तेवढं त्याला पटतं. जेमर्सन तारा बदलत नसे. तुटली तरच बदलायची. "बघ," पेचकस म्हणतो, "सगळं ओरिजिनल." त्या तारांवर एका तर्जनीने जेमर्सन काय करत होता, हा मुद्दा त्याच्या तपासणीच्या कक्षेत येत नाही.

तर वसईला, हा सगळा पंचनामा होईपर्यंत ऊन कलायला आलं. नेक परत बसली, तारा चढल्या. मुलाने सुरात लावून अंकलच्या छोट्या अ‍ॅम्पला बेस जोडली आणि वाजवायला सुरुवात केली. खालच्या तारेचा आवाज जमिनीतून आला आणि काचेच्या कपाटातली भांडी किणकिणली. अंकल उठून उभे राहिले, बोटांनी मांडीवर ताल धरला. आंटी साबणाचं विसरून दारात आल्या. मुलाच्या चेहऱ्यावरून व्यवहार ठरला हे आम्हा सगळ्यांना कळलं.

पेचकस तेव्हा पिकअपच्या वायरींना मल्टिमीटर लावायच्या तयारीत होता. तो वैतागून म्हणाला, "अरे, जरा आवाज बंद कर ना. मला मोजता येत नाहीये."

त्याच्यावर हसावं तेवढं थोडं, पण एक कबूल करायला हवं. फसवाफसवी या धंद्यात खरोखर होते. सत्तरच्या दशकात जपानमध्ये हुबेहूब नकला निघत होत्या. त्या इतक्या उत्तम की पुढे १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच जपानमध्ये उत्पादन सुरू केलं, मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात. गिटारीच्या कपाळावरचं नाव खरवडून दुसरं चिकटवणं अवघड नाही. दहा गिटारींचे भाग जमवून अकरावी तयार करणारेही आहेत. मुलाने एकट्याने जाऊन पैसे मोजले असते तर त्याला शिक्का, भोकं, पॉट यांतलं काही कळलं नसतं. आणि अंकलसारखा सरळ माणूस प्रत्येक दारामागे नसतो. पेचकस चहाखेरीज कुणाचा पैसा घेत नाही. बदललेल्या पॉटपायी त्याने मागितलेली वजावट अंकलनी दिली नाही. मुलाने त्यांनी सांगितलेले पैसे मोजले आणि झाकण रुमालासकट घेतलं.

स्वतः पेचकसने आजवर एकही जुनी बेस विकत घेतलेली नाही. प्रत्येकीत काहीतरी निघतं. पुढच्या रविवारी तो पनवेलला एक १९६४ ची प्रिसिजन बघायला जाणार आहे. सीबीएसपूर्व, त्यामुळे त्याने आठवडाभर आधीपासून आवाज खाली आणलाय.

तुमच्या घरी काकांची, मामांची जुनी बेस गिटार पडलेली असेल आणि कधी विकायचा विचार असेल, तर एवढं करा: तिचा पॉट, खुंटी, दांडी, झाकण, जे काही आजवर काढलं असेल ते शोधा, स्क्रूसकट एका डब्यात घाला आणि डबा पेटीतच ठेवा. बाथरूममध्येही एकदा नजर टाका.