विम्याआधीचा जिना

तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई विमा कंपनीने द्यावी, या कराराला दायित्व विमा म्हणतात. यवतमाळच्या आर्णी रस्त्यावर किंवा वाघापुरात घर दाखवताना मात्र हे दायित्व सहसा दारावरच्या लिंबू-मिरचीकडे असते, कारण तिला ना हप्ता लागतो, ना दाव्याचा अर्ज. 2016 च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायद्याच्या कलम 16 ने विकासकाला जमिनीच्या मालकी हक्काचा आणि बांधकामाचा विमा घ्यायला सांगितले खरे. परंतु ‘शासन अधिसूचित करील असा’ या अटीची कडी आत ठेवल्याने कर्तव्य कायद्यात राहायला आले आणि त्याची किल्ली शासनाकडे राहिली. शिवाय नोंदणीकृत प्रकल्पातील व्यवहार जुळवणाऱ्या दलालालाच कलम 9 नुसार नोंदणी लागते, म्हणून जुने घर विकून देणारा दलाल, जो मालकाकडून फोनवर किल्ली मागवतो आणि अनोळखी गिऱ्हाइकाला थेट देवघरापर्यंत नेतो, तो या नोंदणीच्या कक्षेत येतच नाही. भाडेकरूकडून आधार कार्डाच्या प्रती मागणारे घरमालक, घर पाहायला आलेल्याचे आडनाव कळले की ओळख पटली असे मानतात (जात कळली, चारित्र्य कळले, हे त्यामागचे प्रमेय). कठडा नसलेल्या जिन्यावरून गिऱ्हाईक घसरलेच, तर मालक दलालाकडे बोट दाखवतो, दलाल मालकाकडे, आणि औषधाचे बिल घसरणाराच भरतो.