इथवर आलो, हाच पुरावा

दुपारी अडीच वाजता पुण्यात सभ्य माणूस कुणाच्या घरची बेल वाजवत नाही. वाजलीच, तर समजावं, सुरक्षावाला आला. घराला कॅमेरे, सेन्सर आणि भोंगे बसवून देणारा.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर ‘विक्रेत्यांना सक्त मनाई आहे’ अशी पाटी आहे. तिच्या शेजारी राहणाऱ्यांच्या नावांची पाटी. हा पहिली वाचत नाही, दुसरी पाठ करतो. वॉचमनच्या वहीत ‘कोणाकडे’ या रकान्यात माझं नाव त्यानं इतक्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की नाही म्हणायला मलाच संकोच वाटावा.

“तुम्हाला आत सोडलं कुणी?” मी दरडावलं. तो खूश झाला.

“तेच सांगायला आलोय, सर! मी इथवर आलो, हाच पुरावा.”

यावर उत्तर नसतं. ते शोधेपर्यंत त्याचे बूट दाराबाहेर आणि तो सोफ्यावर असतो. पाणी येईतो बॅगेतून प्लास्टिकची फाईल निघते. तिच्यात घरफोड्यांच्या बातम्यांची कात्रणं, लग्नाचा अल्बम लावावा तितक्या मायेनं लावलेली. आपल्या भागातलं कात्रण सगळ्यात वर. एखाद्या भागात बरेच दिवस चोरीच झाली नाही, तर हा हिरमुसतो. “तिकडे मार्केट थंड आहे,” म्हणतो.

मग चौकशी. दुपारी घरात कोण असतं? गावाला कधी जाता? किती दिवस? मागच्या खिडकीला ग्रिल आहे का? कपाट कुठल्या खोलीत? हेच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारले असते, तर मी 112 फिरवला असता. आईनं मात्र सगळं सांगितलं. वर, कपाटाची किल्ली हळदीच्या डब्यामागे असते, हेही.

“मावशी, हे कुणाला सांगायचं नसतं,” तो कळवळून म्हणाला आणि वहीत टिपून घेतलं.

त्यानंतर प्रात्यक्षिक. दाराला चुंबक, चौकटीला स्विच. दोघांची ताटातूट झाली की भोंगा. “म्हणजे विरहात बोंब मारायची,” बायको म्हणाली. पुढचा सेन्सर अंगाची ऊब ओळखणारा. तो लावताच आमच्या मांजरीनं खोलीतून एक फेरी मारली आणि इमारतभर ठणाणा झाला. मला वाटलं, आता तरी ओशाळेल. “बघा!” तो म्हणाला, “मांजरसुद्धा सुटत नाही!” कॅमेऱ्याचं रात्रीचं चित्र काळं-पांढरं येतं, हेही त्यानं अभिमानानं दाखवलं. चोर राजा परांजप्यांच्या सिनेमातून आल्यासारखा दिसणार, एवढाच अर्थ मी काढला.

शेवटी कोटेशन. हार्ड डिस्क वेगळी, वायरिंग वेगळं आणि दुसऱ्या वर्षापासून एएमसी.

“तुमच्या घरी कुठली सिस्टिम आहे?” मी सहज विचारलं. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच अडखळला.

“आमचं गाव शिंगणापूर, सर. नेवासे तालुका.”

“शनीचं?”

“हो. घराला चौकट आहे, दार नाही. चुंबक लावू कशाला?”

आता फाईल बंद होती आणि माणूस रंगात आला होता. गावात 2011 साली युको बँकेनं शाखा काढली, तीही कुलपाविना, हे त्यानं सांगितलं. देव स्वतःच उघड्या चौथऱ्यावर. डोक्यावर छप्पर नाही. त्या गावात हा धंदा चालणं शक्य नाही, म्हणून पोरगा पुण्यात आला होता.

“मग तिकडे राखण कोण करतं?” आईनं विचारलं.

“शनिदेव बघतो, मावशी. चोवीस तास.”

“आणि त्याची एएमसी?” बायकोनं विचारलं.

बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो म्हणाला, “दर शनिवारी तेल.”