चौकटीवर रोमन सन कोरून घेण्याची रीत

परतवाड्यात घर बांधायला काढले की मेळघाटचे सागवान आले, आणि सागवानाची चौकट उभी राहिली की तिच्या माथ्यावर सन कोरणे आले. साध्या आकड्यांत सन कोरणाऱ्यांचे दिवस संपले. गाव मुळात इंग्रजांची छावणी, कॅम्प हे नाव अजून कुणाकुणाच्या तोंडी आहे. अशा ठिकाणी रोमन सनच शोभतो.

साहित्य: एक पटाशी, एक मिस्त्री आणि सात अक्षरे. आय म्हणजे एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. हजारी भावाने संत्र्याचा सौदा करणाऱ्याला एम शिकवावा लागत नाही. सातांतली पाच अक्षरे सरळ रेघांची, म्हणून लाकडावर भराभर उतरतात. सी आणि डी गोलाईचे. तिथे मिस्त्री चहा मागतो.

आकडा मोठ्याकडून फोडत यावे. २०२६ घ्या. दोन हजारांचे एम-एम, विसाचे एक्स-एक्स, सहाचे व्ही-आय. एकच अक्षर लागोपाठ चौथ्यांदा काढायचे नाही, म्हणून चार म्हणजे आय-व्ही आणि नऊ म्हणजे आय-एक्स. लहान अक्षर मोठ्याच्या डावीकडे बसले की वजा, उजवीकडे बसले की अधिक. मात्र तहसील कचेरीप्रमाणे इथेही कुणी कुणाशेजारी बसायचे हे ठरलेले आहे. आय फक्त व्ही आणि एक्सच्या डावीकडे, एक्स फक्त एल आणि सीच्या, सी फक्त डी आणि एमच्या. म्हणून १९९९ ला एका आयला थेट एमपुढे बसवून सुटका होत नाही. एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स असे रांगेतून जावे लागते.

आता मुख्य मुद्दा, पैशाचा.

"भाऊ, अक्षरामागं पैसे लागतीन बरं," मिस्त्री आधीच सांगतो. त्यामुळे वास्तू कधी करायची हे पंचांगापेक्षा अक्षरे मोजून ठरवावे. १८८८ सालच्या घरमालकाला तेरा अक्षरे भरावी लागली असती, १९८८ च्या मालकाला अकरा. २००० साली मात्र अवघ्या दोन अक्षरांत काम होते, आणि ती संधी गावाने दवडली. यंदा सहा पडतात. कंत्राटदाराने काम नेहमीसारखे रेंगाळत ठेवले, तर २०५० ला एम-एम-एल, तीनच.

दिवाणखान्यात घड्याळ करून घ्यायचे असेल तर वरचा नियम विसरावा. बहुतेक रोमन घड्याळांत चारच्या जागी चार आय असतात. मिस्त्रीला हे आवडते: वीस आय, चार व्ही, चार एक्स, गोलाई कुठेच नाही. "मंग आदी काहून वजाबाकी शिकोली?" असे तो विचारील. उत्तर देऊ नये.

पाटीवर मोबाइल नंबर घालू नये. साध्या अक्षरांत ३९९९ च्या पुढे जाता येत नाही. सातबारा मात्र जरूर कोरावा. तो नमुना म्हणून लिहिला तर व्ही-आय-आय, आडवी रेघ, एक्स-आय-आय. रोमन लोक अपूर्णांक बाराव्या हिश्शांनी मोजत आणि अर्ध्याला एस लिहीत. त्यामुळे सात भागिले बारा म्हणजे एस आणि शेजारी एक टिंब. भावाभावांत वाटण्या होऊन उरलेल्या शेताला हे चिन्ह तंतोतंत बसते, आणि ते तलाठ्यालाही वाचता येणार नाही.

गावाचा अभिमान म्हणून अचलपूरच्या शकुंतला रेल्वेचा गेज कुणी कोरून घेतो. ७६२ मिलिमीटर, म्हणजे डी-सी-सी-एल-एक्स-आय-आय. गोलाई तीनदा येते, चहाही तीनदा येतो. त्याखाली हल्ली दिवसाला किती फेऱ्या होतात तेही हवे असेल, तर अडचण आहे. रोमन आकड्यांत शून्याला अक्षर नाही. तेवढी जागा कोरी सोडावी. तिचे पैसे मिस्त्री घेत नाही.