अस्वल बघायला चर्चिल

कांद्याने साथ दिली की लासलगावात आधी ट्रॅक्टर यायचा, मग बंगला. आता म्हणे पुढची पायरी कॅनडातलं चर्चिल! हडसन उपसागराच्या काठच्या या गावाला रस्ता जात नाही. विनिपेगहून रेल्वे नाहीतर विमान. ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्र गोठायची वाट बघत तिथे ध्रुवीय अस्वलं ताटकळतात, आणि अवाढव्य चाकांच्या गाडीत बसून पर्यटक अस्वलांची. कुणाच्या मागे अस्वल लागलंच तर आसरा हवा, म्हणून बरेच गावकरी मोटारीला कुलूप लावत नाहीत.

आमच्या निफाड तालुक्यात उसात बिबट्या राहतो. त्याला बघायला कुणी दमडी मोजत नाही. ओट्यावरचं कुत्रं न्यायला तो स्वतःच येतो, आणि शेताला रात्रीची वीज असली की बारं धरणाऱ्याला फुकटात, फार जवळून दर्शन. लॉज अजून निघालं नाही; वनखात्याचा पिंजरा आहे. त्यात सध्या शेळी आहे.

शिवाय उत्तरेच्या थंडीतून तलवार बदकं हिवाळ्यात बिनव्हिसा आमच्याच नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत उतरतात. 2020 च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. चापडगावला मनोरा आहे, दुर्बीण घेऊन वाटाडेही असतात. गेलात का कधी, विचारा. “इथंच तर आहे, जाऊ की कधीतरी!”

चर्चिलला मात्र दिवाळीत, बाजार समितीला सुट्टी असतानाच. लिलाव सुरू झाले की अस्वल समोर असलं तरी फोन लासलगावला: “लाल काय भावाने गेला?”