नागलीला आधार काय?

सुरगाण्यात नागली चांगली हे सांगायला पुरावा लागत नाही. नागली खाऊन डोंगर चढणारी म्हातारी हाच पुरावा. तिला गाठायचं तर आपल्याला दम लागतो, हा पुरवणी पुरावा. पण नोकरी सांभाळून मी आरोग्याच्या एका अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि दर आठवड्याला चर्चेचं टिपण मागे लागलं. त्यात लिहिलं, ‘नागलीत कॅल्शियम भरपूर असतं.’ शेरा आला, ‘आधार काय?’

रेंजसाठी टेकाडावर जाऊन आधार शोधला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं जुनं पुस्तक १०० ग्रॅम नागलीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम सांगतं. त्याच संस्थेची २०१७ सालची कोष्टकं सांगतात ३६४. वरचे वीस कुठून आले, असं मी आमच्या आशाताईला विचारलं. “पाऊस बरा झाला असंल, सिस्टर.” टिपणात हे घालता येत नाही. वाक्य छान आहे, पण साल आणि पृष्ठक्रमांक नाही.

पालकाचं प्रकरण तर याहून भारी. १९८१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये टेरेन्स हॅम्बलिन यांनी लिहिलं, की पालकातलं लोह दहापट मानलं गेलं ते दशांश चिन्ह चुकल्यामुळे. किस्सा एवढा झकास की विद्वानांनी तो आपापल्या लेखांत बिनदिक्कत उतरवला. बारीकसारीक चुकांपासून सावध राहा, हे सांगायला! २०१० साली माइक सटन यांनी त्या दशांश चिन्हाचा माग काढला, तर त्या चुकीलाच पुरावा सापडेना.

आमच्या पाड्यावर हे तीस वर्षं चाललं नसतं. अमकीला जुळं झालं म्हणा, लगेच विचारतील, “कोणी सांगितलं?” नणंदेनं. “नणंद होती का तिथं?” नव्हती, तिला दायीनं सांगितलं. मग बाया नणंदेला सोडून थेट दायीच्या अंगणात. मूळ स्रोत गाठावा म्हणतात तो असा. आमच्या वर्गातले काही जण मात्र लेखाचा सारांशही पुरता न वाचता संदर्भ देतात, आणि त्यांना गुण पडतात.

माझ्या टिपणातला सगळ्यात वजनदार संदर्भ अभय बंग आणि सहकाऱ्यांचा, १९९९च्या ‘लॅन्सेट’मधला. गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांनी घरोघर जाऊन तान्ह्या बाळांची काळजी घेतली, नोंदी ठेवल्या. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आशाताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हंजे आमचंच काम. तिसऱ्या दिवशी जा, सातव्या दिवशी जा, बाळाचं वजन करा. नावं कुठं हायती त्या बायांची?”

मी संदर्भाची पद्धत समजावली. व्हँकुव्हर पद्धतीत पहिल्या सहा लेखकांची नावं द्यायची, पुढच्यांना ‘आणि इतर’.

“आन् सातवीला?”

“इतर.”

“असू दे,” ती वजनकाटा पिशवीत टाकत म्हणाली, “मानधनाच्या यादीतबी आमचं तसंच आहे.”